संक्रांत लहान मुलांची : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जानेवारीच्या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे संक्रांतीविषयी, आणि त्यातही सहा-सात वर्षांखालच्या मुलांविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या संक्रांतीला त्याला घेऊन आम्ही शेजाऱ्यांकडे आणि नातेवाइकांकडे तिळगूळ द्यायला गेलो, तेव्हा ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणायला त्याने साफ नकार दिला. वाकून नमस्कार केला नाही आणि हातातला हलव्याचा डबा कोणाला उघडूही दिला नाही. घरी मात्र हेच वाक्य तो दिवसभर गाण्यासारखे म्हणत होता. सासूबाईंच्या मते आम्ही त्याला लाडावून ठेवले आहे. प्रेमाचा आणि गोडव्याचा हा सण इतक्या लहान मुलाला शिकवायचा तरी कसा? (एक आई, ठाणे)

उत्तर : स्वतःच्या घरात जे वाक्य मूल दिवसभर घोळवते तेच परक्या दारात उभे राहून त्याला म्हणता येत नाही, ही या वयातली अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि लाडाशी तिचा फारसा संबंध नाही. दार उघडते, आतली मोठी माणसे कौतुकाने वाकून पाहू लागतात, मागून आईचे ‘म्हण ना, म्हण ना’ सुरू होते आणि बोलणे, नमस्कार करणे व आपला खाऊ देणे अशा तीन अवघड गोष्टी त्याच्याकडून एकाच वेळी मागितल्या जातात. त्यांपैकी एकच निवडावी आणि ती देण्याची असावी, असे मी सुचवीन. वाक्य तुम्ही म्हणा. मोठ्यांच्या तोंडून ते मनापासून आलेले ऐकू आले, तर मुले ते आपल्या सवडीने उचलतात.

देण्यापासून सुरुवात करण्याला आधारही आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लारा ॲकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांखालच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना आधी स्वतःसाठी खाऊ मिळाला. नंतर हातात घालून नाचवायच्या बाहुलीला त्यांनी एकदा संशोधकाने दिलेला खाऊ दिला आणि एकदा स्वतःच्या वाटीतला. घेताना दिसला त्यापेक्षा देताना मुलांच्या चेहऱ्यावर अधिक आनंद दिसला, आणि तो सर्वांत जास्त होता तो स्वतःच्या वाटीतले देताना. तुमच्या मुलाने डबा घट्ट धरून ठेवला याचा या निष्कर्षाशी विरोध नाही. प्रयोगातली वाटी मुलाची स्वतःची होती आणि तिच्यात दुसरा कोणी हात घालत नव्हता. तुमच्याकडे मात्र मुलाच्या हातात डबा देऊन तो त्याचाच आहे असे त्याला वाटू दिले गेले आणि मग दारोदार त्यातले दाणे इतरांनी घ्यावेत अशी अपेक्षा ठेवली गेली.

म्हणून या वर्षी दोन डब्या करा. एक त्याची स्वतःची, जिच्यातले त्याच्या इच्छेशिवाय कोणी घेणार नाही, आणि दुसरी वाटण्याची, जी त्याने स्वतः भरलेली असेल. कोणाला द्यायचे हे आदल्या दिवशी त्यालाच ठरवू द्या. वॉचमनकाका, भाजीवाल्या मावशी, खालच्या मजल्यावरची मांजर अशी नावे त्या यादीत आली तरी ती खोडू नका. (मांजरीला तिळगुळाऐवजी दुसरे काही देता येईल.)

करण्यातही त्याचा हात असावा. चिक्कीच्या गुळाचा पाक फार गरम असतो आणि त्वचेला चिकटतो, त्यामुळे वड्यांच्या वेळी मुलाला शेगडीपासून लांबच ठेवले पाहिजे. पण भाजलेले तीळ थोडे भरड वाटून त्यात दाण्याचे बारीक कूट, किसलेले सुके खोबरे, किसलेला साधा गूळ आणि वेलची मिसळली, की पाक न करताही मऊ लाडू वळले जातात. ते वळायला साडेतीन वर्षांचे हात पुरेसे असतात. लाडू वेडेवाकडे होतील. ते सरळ करून ठेवण्याचा मोह सासूबाईंनी आणि तुम्ही दोघींनीही आवरावा. तीळ खमंग भाजले गेले की नाही हे वासावरून ओळखायला नातवाला शिकवणे, हे काम मात्र सासूबाईंकडेच द्या.

नमस्काराचा आग्रह मी धरणार नाही. मिठी मारणे, पापा देणे, पाया पडणे या गोष्टी मुलाने आपणहून केल्या तरच त्यांत प्रेम असते. उभे राहिल्या जागेवरून हात जोडले तरी पुरे. येथे थोडे स्पष्ट बोलते : ज्या नातलगाशी वर्षभर अबोला आहे त्याच्या दारात मुलाला तिळगूळ घेऊन पुढे धाडायचे आणि आपण जिन्यात थांबायचे, हा प्रकार अनेक घरांत चालतो. गोड बोलण्याचा अर्थ त्या मुलापर्यंत त्या जिन्यातूनच पोहोचतो.

प्रश्न : माझा नातू अकरा महिन्यांचा असून ही त्याची पहिलीच संक्रांत आहे. आमच्याकडे बोरन्हाणात बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, शेंगा आणि हलवा बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि जमलेली मुले ते लुटतात. सूनबाई म्हणतात की हे सगळे धोक्याचे आहे. मुलगा म्हणतो की बोरांऐवजी गोळ्या-चॉकलेटे घालू. मला दोन्ही पटत नाही. काय करावे? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, सूनबाईंची भीती खरी आहे, पण समारंभ रद्द करावा इतकी ती मोठी नाही. मुलाच्या सूचनेने मात्र धोका कमी न होता वाढेल, कारण टणक गोळी बोराच्या आठळीइतकीच घशात अडकते.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना दाढांनी नीट चावून खाता येत नाही आणि त्यांची श्वासनलिका अरुंद असते. त्यामुळे शेंगदाणे, हरभरे, आठळीसकट बोर, काटेरी हलवा, उसाचा चोथा, टणक गोळ्या आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे हे सगळे त्यांच्या हाती न लागलेलेच बरे. बोरन्हाणात नेमकी याच वयाची मुले जमतात, जमिनीवर पडलेले वेचतात आणि गडबडीत तोंडात टाकतात. म्हणून डोक्यावरून ओतायला फक्त चुरमुरे आणि झेंडूच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या घ्याव्यात. बोरे, करवे, घाटे आणि गाजरे पाटाभोवती सुगडांत आणि परड्यांत मांडावीत. हंगामातले सगळे रानमेवे मुलाला दाखवायचे हा या प्रथेचा गाभा त्यात टिकतो, आणि वरून बोर पडून बाळ दचकत नाही. समारंभ झाल्यावर त्या परड्या मोठ्या, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या हाती द्याव्यात आणि त्यांनी धाकट्यांना वाटावे : लहानग्यांना चुरमुरे आणि मऊ लाडू, मोठ्यांना बोरे आणि ऊस. लुटीत दांडगी मुले परकरात आणि खिशांत सगळे भरून घेतात आणि सर्वांत धाकटे रिकाम्या हाताने रडत बसते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते टाळण्यासाठीही ही पद्धत बरी.

हलव्याचे दागिने हा दुसरा मुद्दा. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा आणि बासरी ही हौस जरूर करावी, पण गळ्यातला हार दोऱ्याने न बांधता काळ्या झबल्यावरच टाचून घ्यावा आणि छायाचित्रे काढून झाली की सगळे उतरवून उंचावर ठेवावे. अकरा महिन्यांचे बाळ हाताला लागेल ते दाणे ओढून तोंडात घालणारच.

बाळाला तिळगूळ चाटवण्याचा प्रसंग मात्र टाळावा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक सूचना सांगते. शिवाय काही मुलांना तिळाचीच ॲलर्जी असते. त्याने आजवर तीळ खाल्ले नसतील, तर पहिली चव पाहुण्यांच्या गर्दीत देऊ नये. आधी एखाद्या शांत दिवशी, सकाळच्या वेळी, बारीक वाटलेले तीळ अगदी थोडे पेजेत घालून द्यावेत आणि बाळाच्या अंगावर इसब असेल किंवा दुसऱ्या कशाची ॲलर्जी असेल, तर डॉक्टरांना विचारूनच द्यावेत. समारंभात एका मोठ्या माणसाकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. त्याने केवळ मुलांच्या तोंडांकडे लक्ष ठेवावे. कोणाचा श्वास अडकलाच, तर न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढू पाहू नये, कारण ती आणखी आत सरकते. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली राहील असे धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोराने थापा माराव्यात आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी बोरन्हाण करता येते. त्यामुळे बाळाची झोप झालेली आहे आणि पोट भरलेले आहे अशी वेळ निवडण्यास भरपूर सवड आहे.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. पत्नीने संक्रांतीचे हळदीकुंकू ठेवले की माझी आई आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसते. सहा वर्षांच्या मुलीने विचारले, “सगळ्यांना वाण दिले, मग आजीला का नाही?” आम्ही ‘आजी दमली आहे’ असे सांगून वेळ मारून नेली. पुढे काय सांगावे? (एक वडील, सांगली)

उत्तर : खरे तेच सांगावे. ‘पूर्वी लोक असे मानत की आजोबा वारले म्हणजे आजीला कुंकू लावायचे नाही. त्यामुळे आजीसारख्या अनेकींना वाईट वाटत आले. आपल्याला ते बरोबर वाटत नाही, म्हणून आपण ते बदलणार आहोत.’ सहा वर्षांच्या मुलीला एवढे पुरते आणि एवढे कळतेही. ‘दमली आहे’ हे उत्तर तिला पटलेले नसावे, कारण त्याच आजीने त्या दिवशी सगळ्या बायकांसाठी तिळाचे लाडू वळलेले तिने पाहिलेले असते.

पण मुलीशी बोलण्याआधी आईशी बोला. पुष्कळ घरांत मुलगा आणि सून उत्साहाने सगळ्यांसमोर आईला पाटावर बसवतात आणि तिच्या कपाळाला बोट लावतात. ज्या बाईने आयुष्यभर हा नियम पाळला तिला ते चारचौघांत अवघड होते आणि ती आणखी आक्रसते. कुंकू हवे की नको हे तिने ठरवावे. वाण, तिळगूळ, फूल आणि बैठकीत बसण्याची जागा यांबद्दल मात्र विचारण्यासारखे काही नाही. ते तिला द्यायचेच. कुंकू नको म्हणाली तर हळद, गंध किंवा अत्तर लावता येते. आलेल्या बायकांना वाण देण्याचे काम आजी आणि नात या दोघींकडे सोपवले, तर आजी बाजूला पडतच नाही. मुलीला याहून चांगले काही शिकवता येईल असे मला वाटत नाही.

शेजारणी काय म्हणतील हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो मनात असणारच. कोल्हापूर जिल्ह्यातील, तुमच्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या गोष्टी गावात होऊ द्यायच्या नाहीत, असे त्या ठरावाने ठरवले आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. एक अख्खे गाव जे उघडपणे ठरवू शकते ते एका दिवाणखान्याला अवघड जाऊ नये.

प्रश्न : आम्ही येवल्याचे. संक्रांतीला येथे तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेले असते. गेल्या वर्षी मांजा लागून पडलेला बगळा पाहून पाच वर्षांचा मुलगा फार रडला आणि आता पतंगच नको म्हणतो. (एक वाचक, येवला, जि. नाशिक)

उत्तर : त्याला समजावून पुन्हा गच्चीवर नेण्याची घाई करू नका, त्याचे रडणे योग्यच होते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातलेली आहे, तरी तो चोरून विकला जातो हे तुम्हीही जाणता. तुमच्या आसारीवर साधा सुती दोरा गुंडाळताना त्याला शेजारी बसवा. पक्षी सकाळी लवकर बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा त्या दोन वेळा पतंग खाली, असा घरचा नियम त्याच्याकडूनच करून घ्या. सण उलटल्यावर झाडांवर आणि तारांजवळ लोंबणारा मांजा अनेक दिवस पक्ष्यांना अडकवत राहतो; हाताला येईल तेवढा, विजेच्या तारांपासून दूर राहून, त्याच्यासोबत गोळा करा. जखमी पक्षी आढळला, तर गुंतलेला दोरा ओढू नये. पक्ष्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून पशुवैद्याकडे न्यावे.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. संक्रांतीनंतर ‘गोड बोला’ आठवडा करावा आणि जे मूल गोड वागेल त्याच्या नावापुढे चांदणी चिकटवावी, शेवटी जास्त चांदण्या मिळवणाऱ्याला बक्षीस द्यावे, असा विचार आहे. योग्य आहे का? (एक सेविका, नांदेड जिल्हा)

उत्तर : आठवडा जरूर करावा, चांदण्या आणि बक्षीस वगळावे. जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. कोणाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देणाऱ्या मुलांपैकी काहींना प्रत्येक वेळी बक्षीस मिळाले, काहींचे तोंडी कौतुक झाले, काहींना काहीच मिळाले नाही. नंतर बक्षिसे थांबली तेव्हा बक्षीस मिळालेली मुले इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. जे काम ती आधी मनाने करत होती त्याला मोल लागले आणि मोल बंद झाल्यावर कामही आटले. तुमच्या अंगणवाडीत तर आणखी एक अडचण येईल : सेविकाताई पाहत असतानाच गोड वागायचे, हे चार वर्षांची मुले दोन दिवसांत शिकतात.

त्याऐवजी घडलेली गोष्ट नावानिशी आणि नेमकी सांगावी. ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘तिची पाटी पडली होती, ती तू उचलून दिलीस, तिला बरे वाटले’ हे वाक्य मुलाच्या लक्षात राहते. खाऊच्या वेळी वाढण्याची पाळी रोज वेगळ्या मुलाला द्यावी, विशेषतः त्या मुलाला जे भांडखोर म्हणून ओळखले जाते, कारण चांगुलपणा करून पाहण्याची संधी त्याला सहसा कोणी देत नाही.

एक काळजी घ्यावी. गोड बोलायचे म्हणजे राग दाखवायचा नाही, असे मुलांनी समजू नये. चावणाऱ्या मुलाला ‘मला दुखले, असे करू नको’ हे मोठ्याने सांगता आले पाहिजे, आणि नकोसा स्पर्श करणाऱ्या मोठ्या माणसाला तर त्याहूनही मोठ्याने. आठवड्यात एक दिवस मुलांकडून खड्या आवाजात ‘नको’ म्हणवून घ्यावे. त्यांना तो खेळ फार आवडतो.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या बालशाळेत १४ फेब्रुवारीला व्हॅलेंटाइन डेच्या निमित्ताने प्रत्येक मुलाने वर्गातील सगळ्यांना कार्ड द्यायचे असते. माझ्या आईला तो प्रेमिकांचा दिवस वाटतो आणि तिला तो खटकतो. मला वाटते, त्या दिवशी वर्गात तिळगूळ पाठवावा. (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : आईंना सांगा की तेथील बालशाळांत हा दिवस मैत्रीचा म्हणूनच पाळला जातो आणि कोणी वगळले जाऊ नये यासाठीच सगळ्यांना कार्ड देण्याचा नियम असतो, आपल्याकडे दारी आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवतात तसाच. २०२४ साली रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे त्या वर्षी संक्रांतीचे हळदीकुंकू आणि हा दिवस एकाच मोसमात आले होते.

तिळगूळ मात्र वर्गात पाठवू नका. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत झाला आहे आणि पाकिटावर तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे. शेंगदाण्यांना तर पुष्कळ बालशाळांत मुळातच मज्जाव असतो. घरी लाडू वळावेत आणि ज्यांना चालतात अशा शेजाऱ्यांना मुलीने ते संक्रांतीलाच द्यावेत. शाळेसाठी रंगीत कागदाचे छोटे पतंग करून त्यांवर तिने फक्त स्वतःचे नाव लिहावे. समोरच्याचे नाव तुम्ही लिहा, कारण चार वर्षांच्या मुलीला एका बैठकीत वर्गभर नावे लिहायला लावली की शेवटच्या पाच-सहा मुलांवर ती चिडलेली असते. रोज तीन-चार पतंग करावेत आणि प्रत्येक करताना त्या मुलाविषयी तिला काय आवडते ते विचारावे. ‘तो झोपाळा सोडतो’ असे उत्तर आले, तर तेच जसेच्या तसे पतंगावर लिहावे.